नवी थार की वापरलेली? सात गाड्यांखाली वाकून पाहिल्यानंतर

घोटीच्या पुढे आमच्या शेतापर्यंत जाणारी शेवटची अडीच किलोमीटरची वाट कागदोपत्री पाणंद रस्ता म्हणून नोंदलेली आहे, आणि जून ते ऑक्टोबर या काळात तिला रस्ता म्हणायला मन धजत नाही. मध्ये एक ओढा, त्यावर बुटका फरशी पूल, पुढे दोन्ही अंगांना भाताची खाचरे आणि शेवटी चिकण मातीचा असा चढ, की ज्यावर बैलांचेही पाय घसरतात. सहा वर्षे मी माझी छोटी गाडी गावातल्या शाळेपाशी उभी करून पुढे चालत जात असे. ज्या तीन पावसाळी दिवशी गाडी पुढे नेण्याचे धाडस केले, त्या तिन्ही दिवशी शेजारच्या तात्यांनी ट्रॅक्टर आणून मला टोचन लावून बाहेर काढले. तिसऱ्या वेळी साखळी सोडवताना ते म्हणाले, “डिझेलचे पैसे नको देऊस, पण गाडी बदल बाबा.”

त्यानंतर दिवाळीपासून जवळजवळ पाडव्यापर्यंत मी एकाच प्रश्नात गुंतलो होतो: चारही चाकांना ताकद देणारी (फोर बाय फोर) गाडी, शक्यतो महिंद्राची थार, तर हवीच, पण ती नवी घ्यावी की वापरलेली? या काळात मी दोन नव्या गाड्या चालवून पाहिल्या आणि सात जुन्या गाड्या अक्षरशः खालून तपासल्या. त्यातून जे कळले ते इथे लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण तिच्यावर लोकांचे पैसे वाया जाताना मी पाहिले आहेत. थार या नावाने विकली जाणारी प्रत्येक गाडी फोर बाय फोर नसते. जानेवारी २०२३ पासून केवळ मागच्या चाकांना ताकद देणारी थारही मिळते, आणि तिचे १.५ लिटरचे डिझेल इंजिन व चार मीटरच्या आतली लांबी यांमुळे सप्टेंबर २०२५ मधल्या जीएसटी बदलानंतर ती १८ टक्क्यांच्या गटात बसली, तर २.२ लिटरची फोर बाय फोर ४० टक्क्यांच्या गटात आहे. दिसायला दोघी सारख्याच, पण आमच्या चढावर एक जाईल आणि दुसरी तात्यांची वाट पाहत उभी राहील. जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत हा फरक अनेकदा सोयीस्करपणे गाळलेला असतो. गियरच्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा आहे का, एवढे छायाचित्रात पाहिले तरी निम्म्या फेऱ्या वाचतात.

नव्या गाडीपासून सुरुवात करतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुधारून आलेली तीन दारांची थार मी २.२ लिटर डिझेल, हाताच्या गियरची अशी चालवली. मोठा पडदा, मागे पाहण्याचा कॅमेरा, मागच्या प्रवाशांसाठी वातानुकूलनाची तोंडे आणि चढताना धरायला खांबावर मूठ, या सुधारणा रोजच्या वापरातल्या आहेत, नुसत्या मिरवण्याच्या नाहीत. आमच्या आईला ती मूठ सर्वांत जास्त आवडली. मूळ गाडी मात्र २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आली तीच आहे. तीच शिडीसारखी चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा), तीच २२६ मिलिमीटरची जमिनीपासूनची उंची, तेच ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याचे सामर्थ्य आणि तेच तीनशे न्यूटन मीटर टॉर्कचे, म्हणजे चाके फिरवण्याच्या जोराचे, खालच्या फेऱ्यांतच जोर धरणारे इंजिन. डिकी नावापुरतीच आहे आणि मागे बसायचे तर पुढची खुर्ची दुमडून अंग चोरत शिरावे लागते, हेही पूर्वीसारखेच. नवी गाडी पाच वर्षांपूर्वीच्या गाडीहून सोयींनी पुढे आहे, चिखलातल्या कुवतीने नाही. जुनी घ्यायचा विचार करणाऱ्यासाठी ही सर्वांत जमेची बाजू आहे.

किमतीचा हिशेब मात्र सरळ नाही. फोर बाय फोर डिझेल एक्स-शोरूम सुमारे साडेपंधरा लाखांना पडते. त्यावर महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या डिझेल गाडीला १४ टक्के रस्ताकर, म्हणजे दोन लाखांहून अधिक, शिवाय विमा आणि इतर किरकोळ खर्च धरला की रस्त्यावर यायला साधारण साडेअठरा लाख लागतात. दुसरीकडे, २०२०-२१ मधल्या गाड्यांना दलालांनी माझ्याकडे साडेबारा ते पावणेचौदा लाख मागितले. आता हे आठवा, की ही गाडी बाजारात आली तेव्हा तिच्या एक-एक श्रेणीच्या एक्स-शोरूम किमती ९.८० ते १३.७५ लाख होत्या. म्हणजे पाच वर्षे वापरलेल्या गाडीला मालक जवळजवळ तिची मूळ किंमत मागत होता, आणि नव्या गाडीचे भाव वर गेलेले असल्यामुळे त्याला ती मिळतही होती. साध्या घरगुती गाडीत पाच वर्षांत जी निम्म्याच्या आसपास घसरण गृहीत धरतो, ती इथे होतच नाही. त्यात नव्या गाडीचे कर्ज नऊ टक्क्यांच्या आसपास मिळते आणि जुनीचे अकरा-बारापासून पुढे सुरू होते. कर्ज काढूनच घ्यायची असेल तर दिसणारा फरक हप्त्यांत आणखी आटतो. ‘जुनी घेतली म्हणजे पैसे वाचलेच’ हे गणित या गाडीला तपासल्याशिवाय लावू नये.

मग वाचतात कधी? याचे उत्तर मला गाड्यांच्या वर नव्हे, खाली मिळाले.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचे एक जुने मिस्त्री आहेत, ज्यांच्याकडे गाडी वर उचलायची लिफ्ट आहे. पहिल्या दोन गाड्या मी त्यांच्याशिवाय पाहिल्या, दोन्ही आवडल्या, आणि दोन्ही न घेतल्याबद्दल आज देवाचे आभार मानतो. तिसरी गाडी मोत्यासारखी पांढरी, आतून धुतलेली, सव्वीस हजार किलोमीटर चाललेली अशी होती. विकणारा दलाल सांगत होता, की गाडी शहराबाहेर गेलेलीच नाही. मिस्त्रींनी ती लिफ्टवर घेतली, चासीच्या आडव्या दांड्याला जी गोल भोके असतात त्यांतल्या एकात बोट घातले आणि हाताच्या तळव्यावर चिमूटभर ओलसर वाळू काढून माझ्यासमोर धरली. तिच्यात नखाएवढा एक शिंपलीचा तुकडा होता. “शहरात कुठला समुद्र असतो, सर?” एवढेच ते बोलले आणि गाडी खाली घेतली. कोकणातल्या किनाऱ्यांवर ओल्या वाळूतून गाडी पळवून फोटो काढण्याची जी हौस बोकाळली आहे, तिची किंमत पुढचा मालक मोजतो. खारे पाणी चासीच्या पोकळीत, स्प्रिंगच्या बैठकीत आणि ब्रेकच्या नळ्यांच्या जोडांत शिरून बसते, आणि वरून मारलेला काळा रंग त्यावर फक्त पडदा टाकतो. गाडीच्या खालच्या अंगाला नुकताच रंग दिलेला दिसला, तर मी आता तो गुण नव्हे, प्रश्न मानतो.

या गाड्यांत किलोमीटरचा काटा जवळजवळ काहीच सांगत नाही. महामार्गावर ऐंशी हजार किलोमीटर गेलेली थार आमच्या मिस्त्रींच्या मते ‘तरणी’ असते, आणि ओढ्या-नाल्यांत पंधरा हजार चाललेली ‘म्हातारी’. वय ओळखायच्या त्यांच्या रीती साध्या आहेत. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढायचा. रोज बाहेर येणारा भाग धुतला जातो, पण रिळात गुंडाळलेला शेवटचा हात-दीड हाताचा तुकडा कोणी धुत नाही, आणि गाडीत पाणी शिरले असेल तर तिथे गढूळ रेघ दिसते. थारची फरशी धुता येण्याजोगी आहे आणि पाणी जायला तिच्यात बुचे आहेत. ती काढून वास घ्यायचा. मग डिफरन्शियलच्या, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या दात्यांच्या, हाउसिंगचे तेल भरायचे बूच सोडवून करंगळी आत बुडवायची. तेल काळपट निघाले तर चालेल. चहात दूध जास्त झाल्यासारखे फिकट निघाले तर पाणी आत गेले आहे, आणि आतल्या बेअरिंगांचे आयुष्य संपत आले आहे. पाचव्या गाडीत ते तसे निघाले. पुढच्या आणि मागच्या शाफ्टचे क्रॉस, म्हणजे फिरते सांधे, हाताने हलवून खडखडाट ऐकायचा, आणि दारावर टांगलेल्या पाचव्या टायरवरचा चार आकडी ठप्पा इतर चारांशी ताडून पाहायचा. २३२१ असा ठप्पा म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. चार टायर वेगळ्या सालाचे, वेगळ्या मापाचे असतील तर ते का बदलले, हे विचारायला हवे.

चालवून पाहण्याची पद्धतही निराळी आहे. मोकळ्या कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर हायमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) टाकून दाखवणारा विक्रेता भेटला तर त्याला लगेच थांबवा, कारण या पद्धतीच्या गाडीत पुढची आणि मागची चाके तेव्हा एकमेकांशी घट्ट जोडली जातात, वळणावर त्यांना वेगवेगळे अंतर कापायचे असते, आणि तो ताण सैल मातीत निघून जातो तसा डांबरावर जात नाही. कच्च्या जागी गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलमध्ये, क्लच दाबून फोर लोमध्ये (चारही चाकांना ताकद, कमी वेग, जास्त जोर) टाकावी. दांडा अडला किंवा दात घासल्याचा आवाज आला तर दोन शक्यता असतात: एक तर तो बेदम वापरला गेला आहे, किंवा कधीच वापरलेला नाही. दुसरी शक्यता ऐकायला बरी वाटते, आणि मुंबई-पुण्यात केवळ रुबाबासाठी घेतलेल्या अशा गाड्या पुष्कळ आहेतही. मलाही सुरुवातीला तीच सोन्याची खाण वाटली होती. पण बीएस-सहा या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते, ती अधूनमधून तापून स्वतःला साफ करते, आणि रोज चार किलोमीटर वाहतुकीत रखडणाऱ्या गाडीला तेवढे तापायला वेळच मिळत नाही. सहावी गाडी अशीच होती: खालून नव्यासारखी, आणि ही गाळणी तुंबलेली.

आणखी एक ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात तयार झालेल्या १,५७७ डिझेल थार कॅमशाफ्ट (इंजिनातल्या झडपा उघडणारा दांडा) तपासण्यासाठी कंपनीनेच परत बोलावल्या होत्या. पहिल्या तुकडीतली गाडी बघत असाल तर ते काम झाल्याची नोंद सर्व्हिसच्या कागदांत मागा. असेल तर तो दोष नाहीच. नोंद नसेल तर भाव ठरवण्यापूर्वी ती कंपनीच्या केंद्रात चासी क्रमांकावरून पडताळून घ्या. मागच्या चाकांचा यांत्रिक लॉकही सगळ्या श्रेणींत नसतो. एक चाक अधांतरी सुटून गरगरू लागले की तो आपोआप दोन्ही चाके जोडतो, आणि आमच्या चढासारख्या ठिकाणी खरे काम तोच करतो. विक्रेत्याच्या तोंडी ‘लॉक आहे’ यावर विसंबू नका, श्रेणीचे नाव आरसीवर वाचा.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात. मारुतीची जिम्नी मी नवीच चालवली. जून २०२३ मध्ये आलेली ही पाच दारांची गाडी वजनाला हलकी, सुमारे बाराशे किलोची असल्याने मऊ मातीत रुततच नाही, हा तिचा मोठा गुण, पण १.५ लिटर पेट्रोलच्या १३४ न्यूटन मीटरमध्ये खताच्या पोत्यांसह चढ चढताना तिला फार रेटावे लागले. शेती नसती आणि फक्त डोंगर-भटकंती असती, तर मी हीच घेतली असती. गंमत अशी, की गुरुग्राममध्ये बनलेल्या याच गाडीला जपानात २०२५ च्या सुरुवातीला काही दिवसांत सुमारे पन्नास हजार मागण्या आल्या आणि नोंदणी थांबवावी लागली, तर आपल्याकडे ती घसघशीत सवलतीत विकली गेली. त्या सवलतीमुळे वापरलेल्या जिम्नीचा भावही खाली आला आहे, म्हणून ‘जुनी घ्या’ हा सल्ला थारपेक्षा जिम्नीला अधिक लागू पडतो. फोर्सच्या गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक आहेत आणि चिखलात ती या दोघींचीही ताई आहे, पण वापरलेली चांगली गुरखा नाशिकमध्ये मला बघायलाही मिळाली नाही. पाच दारांची थार रॉक्स कुटुंबासाठी उत्तम, पण आमच्या पाणंदीला तिची ४.४ मीटर लांबी वळणावर नडली असती. २०१० ते २०२० मधली जुनी थार पाच-सात लाखांत मिळते आणि तिच्यावर जीव टाकणारी माणसे आहेत, हे मान्य. मात्र तिच्यात एअरबॅग नाही, आणि आईला व मुलांना घेऊन कसारा घाट उतरताना मला ते चालणार नव्हते.

कागदांच्या बाबतीत एकच सापळा सविस्तर सांगतो. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. भाव पाहून डोळे दिपतात, पण तिकडचे ना-हरकत पत्र, इकडची नव्याने नोंदणी आणि गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा रस्ताकर पुन्हा भरणे, हे सगळे होईपर्यंत वाचलेले पैसे बहुतेक संपतात. राज्यातल्या राज्यात हस्तांतर करताना नमुना २९ व ३०, आणि बँकेचा बोजा असल्यास तो उतरवण्यासाठी नमुना ३५ हवा. प्रलंबित चलाने पैसे देण्यापूर्वी बघावीत. विमा आपल्या नावावर चौदा दिवसांत करून घ्यावा, आणि विक्रेत्याचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची सवलत) आपल्याला मिळत नाही हे किमतीत धरावे. बाहेरून बसवलेले मोठे टायर, लोखंडी बंपर आणि उंची वाढवणारे स्प्रिंग हे अनेकांना आकर्षण वाटते. मला ते ओझे वाटले, कारण लोखंडी बुलबारवर (गाडीच्या तोंडाशी बसवलेल्या कठड्यावर) २०१७ पासून बंदी आहे आणि मूळ रचनेत केलेल्या बदलावरून विमा कंपनी दावा नाकारू शकते. इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान साध्या पॉलिसीत येत नाही, त्यासाठी वेगळी जोड घ्यावी लागते. जुन्या गाडीला ती आणि झीज-वजावट माफीची जोड दर वर्षी मिळेलच असे नाही, हा नव्या गाडीच्या बाजूचा मोलाचा मुद्दा आहे.

सातवी गाडी मी घेतली. २०२१ ची, वरच्या श्रेणीची, हार्ड टॉप, डिझेल, हाताच्या गियरची, चौतीस हजार किलोमीटर चाललेली, आणि मुख्य म्हणजे दलालाची नव्हे तर थेट मालकाची. हे गृहस्थ पुण्याचे, निवृत्त, आणि त्यांनी प्रत्येक सर्व्हिसचे बिल तारखेनिशी एका फाइलमध्ये लावून ठेवले होते; ‘फोर लोमध्ये टाकली’ अशा दिवसांचीही त्यांनी वहीत नोंद केली होती, ती अकरा होती. चासीच्या भोकातून निघाली ती कोरडी तांबडी माती. सौदा ११ लाख ८० हजारांना ठरला. त्यानंतर चार टायर ५२ हजार. इंजिन, गियर, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी) व दोन्ही डिफरन्शियलची तेले, बॅटरी आणि ब्रेक पॅड मिळून २१ हजार. हस्तांतर आणि विमा ४१ हजार. एकूण १२ लाख ९४ हजार, म्हणजे नव्यापेक्षा साडेपाच लाखांहून अधिक कमी. हीच गाडी दलालाकडून पावणेचौदा लाखांना, कर्ज काढून घेतली असती, तर मी बिनदिक्कत नवी घेतली असती. साडेतीन लाखांच्या फरकासाठी अनोळखी माणसाचा पाच वर्षांचा इतिहास डोक्यावर घ्यायची माझी तयारी नव्हती. मिस्त्री ओळखीचे नसतील, लिफ्टवर घेऊ द्यायला विक्रेता नाही म्हणत असेल, किंवा गाडीत दिवसाआड मागच्या बाकावर माणसे बसणार असतील, तरीही नवीच बरी.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, तीन दिवस संततधार लागल्यानंतर, मी पहिल्यांदा ती शेतापर्यंत नेली. फरशी पुलावर पाणी घोट्याएवढेच होते. चढाच्या पायथ्याशी थांबून फोर लो, पहिला गियर, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय जवळजवळ काढलेला; अर्ध्या चढावर डावे मागचे चाक मोकळे फिरले, खालून ‘खट्’ असा आवाज आला, लॉक बसला आणि गाडी बैलासारखी मान खाली घालून वर चढली. महामार्गावर ती तेरा आणि इकडे दहाच्या आतबाहेर ॲव्हरेज देते, ऐंशीच्या पुढे वाऱ्याचा आवाज बोलू देत नाही, आणि आईसाठी मला बाजूला लोखंडी पायरी बसवून घ्यावी लागली. तात्या बांधावर उभे राहून पाहत होते. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी टायरला काठी टेकवली आणि विचारले, “पुढच्या शनिवारी माझी दोन पोती युरिया आणशील का?”